तुम्ही विचारलंत म्हणून: कुंभात फोन लागेल का?

लागेल की नाही, मला माहीत नाही. एवढं सांगून मोकळी झाले असते, पण २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तसा हा प्रश्न जास्तच येतोय. सोसायटीच्या मीटिंगला येतो, हळदीकुंकवाला येतो. परवा दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. "मॅडम, तुमची पीएचडी त्यातलीच ना? लग्न जुळवायचं गणित? मग या वेळी रामकुंडावर रेंज मिळणार का?"

तर एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी हे वाचायला देता येईल.

लग्नाचं गणित हे नाव काही मी पाडलेलं नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली कॉलेज प्रवेश आणि लग्न यांवर जेमतेम सात पानांचा लेख लिहिला, तिथपासून ते चिकटलंय. ज्या घराने अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरलाय, त्याला यातलं मर्म लगेच कळेल. मुलं पसंतीक्रमाने अर्ज करतात. कॉलेज आलेल्यांतले वरचे तात्पुरते ठेवून घेतं, बाकीच्यांना परत पाठवतं, ते पुढच्या पसंतीकडे जातात. हे थांबतं तेव्हा जी जुळणी उरते, तिच्यात आपापली जागा सोडून एकमेकांकडे जायला दोघंही राजी आहेत असा मुलगा आणि असं कॉलेज सापडत नाही. याला स्थिर म्हणायचं. माझ्या प्रबंधात मुलांच्या जागी फोन आणि कॉलेजांच्या जागी टॉवरचे रिसोर्स ब्लॉक, म्हणजे टॉवर फोनांना वाटतो ते रेडिओलहरींचे छोटे तुकडे. फोर-जीमध्ये २० मेगाहर्ट्झच्या एका सेलला (सेल म्हणजे टॉवरच्या ताब्यातला एक इलाखा) असे १०० ब्लॉक असतात, प्रत्येकी १८० किलोहर्ट्झचे, आणि कोणता कोणाला द्यायचा हे दर मिलिसेकंदाला ठरतं.

आता त्या सेमिनारबद्दल. त्याच्याशिवाय माझं उत्तर असं आडवळणाचं का, ते तुम्हाला कळणार नाही.

प्रबंध सादर करण्याआधीचं सादरीकरण होतं. गाईडसरांनी टेलिकॉममधून निवृत्त झालेले एक इंजिनिअर बोलावले होते. शेवटच्या रांगेत बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. माझा शेवटचा आलेख पडद्यावर होता, लाल रेघ निळ्या रेघेच्या वर, लाल म्हणजे आमची पद्धत. त्यांनी हात वर केला.

"बाई, एक विचारू? कोणता फोन आवडतो, हे तुम्ही त्या ब्लॉकला विचारलंत का?"

हॉल हसला. मीही हसले आणि तयार उत्तर दिलं: ब्लॉकची पसंती म्हणजे त्या फोनला दिल्यावर किती डेटा जाईल आणि शेजारच्या सेलला किती त्रास होईल, याचा हिशोब.

"तो हिशोब टॉवर करणार. आणि फोनची पसंती? कोणत्या ब्लॉकवर सिग्नल कसा आहे, याचा रिपोर्ट फोन पाठवतो, म्हणजे तीही टॉवरकडेच. दोन्हीकडच्या पसंत्या एकाच खोक्यात. मग अर्ज कोण कोणाकडे करतंय?"

मी वेळेच्या बचतीवर आले. सगळ्यांची मिळून सर्वोत्तम वाटणी काढायची तर हंगेरियन नावाच्या पद्धतीत आकडेमोडीचे कष्ट संख्येच्या घनाने वाढतात, आमच्यात वर्गाने. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले.

"आणि तुमचं ते स्थिर. म्हणजे कोणी जोडी पळून जाणार नाही, याची हमी. बाई, नोकरीत टॉवरचं न ऐकता ब्लॉकचा हात धरून पळालेला एकही फोन मी पाहिला नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. गाईडसर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. माझ्या हातातल्या पॉइंटरचा ठिपका त्या लाल रेघेवर थरथरत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता, म्हणून मी तो बंद केला. शेरा आला: "प्रेरणा अधिक स्पष्ट करावी." मी दीड पान जोडलं. पदवी मिळाली.

त्या दीड पानावरून मी अजून स्वतःशी भांडते. तेव्हाची मी म्हणते, मालक वेगवेगळे असतील तिथे बघ. दोन कंपन्या, दुकानांचे राऊटर, टॉवरला वगळून आपसांत बोलणारे फोन. तिथे हुकूम चालवणारा कोणी नाही, म्हणून पळून जाण्याला अर्थ आहे आणि स्थिर असण्यालाही. हे खरंच आहे. आताची मी विचारते, मग प्रबंधातली तीन प्रकरणं एकाच कंपनीच्या एकाच सेलवर का होती? कारण तिथे सिम्युलेशन सोपं जातं. यावर तेव्हाची मी गप्प बसत नाही. म्हणते, त्या काळात सगळेच तसं करत होते. तेही खरंच आहे.

शिवाय मूळ गणितात शेजारणीने कोणाशी लग्न केलं यावर माझी आवडनिवड बदलत नाही. रेडिओत बदलते. पलीकडच्या सेलमध्ये तोच ब्लॉक कोणाला मिळाला, यावर माझ्याकडचा इंटरफिअरन्स, म्हणजे लहरींचा एकमेकींना होणारा अडथळा, ठरतो. मग स्थिर जुळणी मुळात असेलच याचीही खात्री राहत नाही. तिथे आम्ही खाली उतरतो आणि म्हणतो, कोणत्याही दोघांना अदलाबदल करून फायदा नाही, एवढं तरी जमवू. मी त्याला तडजोड म्हणते. माझे सहकारी निष्कर्ष म्हणतात.

आता तुमचा कुंभ. गर्दीत फोन बहुतेक वेळा वाटणीपर्यंत पोचतच नाही. आधी टॉवरचं दार वाजवावं लागतं आणि त्यासाठी फोर-जीच्या एका सेलला ६४ ठरावीक खुणा असतात. दोन फोनांनी एकाच वेळी तीच खूण वापरली की टक्कर, पुन्हा प्रयत्न, पुन्हा टक्कर. घाटावर लाखभर माणसं एकदम घरी फोन लावायला लागली की काय होणार ते सांगायला गणित कशाला? माझं काम या दाराच्या आत सुरू होतं.

आतसुद्धा एक कडू गोष्ट आहे. ज्यांना नंतर, २०१२ मध्ये, शॅप्लींबरोबर नोबेल मिळालं त्या अल्विन रॉथ यांनी १९८६ मध्ये नव्या डॉक्टरांची खेड्यांतल्या हॉस्पिटलांशी जुळणी करण्याबद्दल सिद्ध केलं, की पसंतीक्रमात बरोबरी नसेल तर एका स्थिर जुळणीत जो उपाशी, म्हणजे जोडीविना, राहतो तो प्रत्येक स्थिर जुळणीत उपाशीच राहतो. अर्ज कोणत्याही बाजूने सुरू करा. म्हणजे तपोवनाच्या कडेला उभ्या असलेल्या आजींना ब्लॉक मिळाला नाही, तर तेवढ्याच टॉवरांत पद्धत उलटसुलट करून तो मिळणार नाही. जास्त टॉवर लागतील. ते मी देऊ शकत नाही.

यंदा एका एमटेकच्या मुलीने हाच विषय मागितला. मी हो म्हटलं आणि पहिलं काम दिलं: आपल्या गणितात खरोखर पळून कोणाला जाता येतं, ते लिहून आण. तिने पंचवटीतल्या धर्मशाळांचे राऊटर लिहिले, ते मला पटलं. त्याखाली लिहिलं: फोन. मी खोडलं. ती म्हणाली, "मॅडम, फोन नाही पळत, पण माणूस पळतो. रेंज नसली की बाबा दुसऱ्या सिमवर जातात." मी म्हटलं, अगं, सिम बदलायला मिनिट लागतं, ब्लॉक मिलिसेकंदाला ठरतो. ती म्हणाली, मग हिशोब मिनिटाचा करू. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.