दोन खोल्यांचा थरारपट

काल देवगडला पावसाची झड लागली होती, म्हणून दुपारी मी आणि धाकटी बहीण ओटीवर लॅपटॉप मांडून अल्प खर्चात काढलेला एक थरारपट पाहत बसलो. दोन खोल्या, तीन पात्रे आणि एक स्कूटर, एवढाच काय तो पसारा.

नायक हात कधीच उगारत नाही. तो नायिकेच्या किल्ल्या गुपचूप फ्रीजवर ठेवतो आणि ती शोधू लागली की ‘हल्ली तुझ्या लक्षातच राहत नाही गं’ असे इतक्या मायेने म्हणतो की, मध्यंतरापर्यंत मलाही तिच्याच स्मरणशक्तीची शंका येऊ लागली. याला गॅसलाइटिंग म्हणतात. हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या नाटकावरून आला, ज्यात घरातले गॅसचे दिवे मंद होताना पाहणाऱ्या बायकोला नवरा वेडी ठरवू पाहतो. पार्श्वसंगीताला पैसे नसावेत, कारण बराच वेळ पंख्याची कुरकुरच ऐकू येते, आणि तीच अधिक भिववते.

शेवटची चाकूची मारामारी मात्र निव्वळ फसली आहे (रक्त तर थेट कोकमाच्या आगळासारखे दिसत होते).

चित्रपट संपल्यावर बहिणीने काही न बोलता मोबाइलचा पासवर्ड बदलला. मीही काही विचारले नाही.