इलिनॉय सोडायचं, पण टेक्सस नको

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी एकच विषय चालू आहे: पियोरिया सोडून जायचं कुठे. सोडायचं हे पक्कं आहे, त्यावर वाद नाही. नवऱ्याने लवकर निवृत्ती घेतली, माझी पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी उन्हाळ्यात संपेल. लेक सिएटलला, मुलगा शिकागोत. चार बेडरूमच्या घरात आम्ही दोघं, आणि तळघरात मुलांनी शाळेत वाजवलेली, आता कुणीच वाजवत नसलेली वाद्यं.

पियोरिया म्हणजे शिकागोपासून गाडीने पावणेतीन तास, इलिनॉय नदीच्या काठी. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. कॅटरपिलरच्या पिवळ्या यंत्रांचं हे गाव. कंपनीचं मुख्य कार्यालय इथून शिकागोजवळ डीअरफील्डला हलणार हे २०१७ मध्ये जाहीर झालं, मग २०२२ मध्ये तिथून थेट टेक्ससमध्ये अर्विंगला. कारखाने आहेत अजून, पण मुख्य कार्यालय हललं की काय होतं ते आम्ही गणपतीत बघतो. आरतीला पूर्वी चपला ठेवायला जागा नसायची. आता मोदक उरतात. राज्याचंही तसंच. २०१० ते २०२० या काळात इलिनॉयची लोकसंख्या सुमारे अठरा हजारांनी घटली आणि अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहातली राज्याची एक जागा गेली.

नवऱ्याने एक्सेल उघडलं. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार! आडव्या रांगेत राज्यं, उभ्या रांगेत कर, हवामान, घराची किंमत, देवळं, विमानतळ. प्रत्येकाला गुण. मी म्हटलं, यात 'मला तिथे करमेल का' ही रांग कुठे आहे? तो म्हणाला, ती शेवटी घालू.

पहिला निकाल ॲरिझोनाचा लागला, तोही पाच मिनिटांत. फीनिक्सला २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे होता. माझी आत्या चंद्रपूरला असायची, मे महिना तिथे काढलेला आहे. पैसे देऊन तो परत विकत घ्यायचा नव्हता.

टेक्ससला मात्र नाही म्हणणं सोपं नव्हतं, कारण आमची अर्धी माणसं तिकडेच गेली आहेत. डॅलसजवळच्या फ्रिस्कोची मैत्रीण दर रविवारी फोन करते. "अगं, ये गं इकडे. नाटकं होतात, भजनी मंडळ आहे, पुरणपोळ्या ऑर्डर करता येतात. तिथे बर्फात काय करतेस?" २०१९ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे इथल्या सगळ्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन डॅलसला झालं तेव्हा आम्ही गेलो होतो आणि भारावून आलो होतो, हे खरं. म्हणून मागच्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे मुद्दाम राहायला गेलो. घर मोठं, स्वयंपाकघर त्याहून मोठं. रात्री नऊला शतपावली करायला बाहेर पडलो तर पाच मिनिटांत घामाघूम होऊन परत. दूध संपलं तर गाडी काढायची, कढीपत्त्याला गाडी, देवळाला गाडी, शेजारच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गाडी. मैत्रीण आनंदात आहे, तिचं बरोबरच आहे. ती पन्नाशीची आहे आणि तिला गाडी चालवायला आवडतं.

आता कराचं. यावर लोक इतकं उलटसुलट बोलतात की थोडं सविस्तर लिहिते. "टेक्ससला इन्कम टॅक्स नाही" हे वाक्य आम्ही पॉटलकमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की ते आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं पाठ झालंय. इलिनॉयचा आयकर सरसकट ४.९५ टक्के आहे, हे खरं. पण इलिनॉय निवृत्तीच्या उत्पन्नावर कर घेत नाही: सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), पेन्शन, ४०१(के) या नोकरीतल्या बचत खात्यातून काढलेले पैसे, कशावरच नाही. म्हणजे आमच्यासारख्या निवृत्त जोडप्याला टेक्ससची ही सवलत जवळजवळ निरुपयोगी. इलिनॉयमध्ये आम्हाला मारतो तो घरपट्टीचा भार, दरवर्षी घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांहून जास्त. आणि टेक्ससची घरपट्टीही काही कमी नाही. तिथली घरं महाग, त्यामुळे रक्कम वाढतेच. पासष्टीनंतर शाळेच्या कराला मर्यादा घालून देतात म्हणे, पण तोवर? कमावत्या माणसाने कर वाचवायला टेक्ससला जावं, हे मला पटतं. निवृत्त माणसाने त्याच कारणासाठी इलिनॉय सोडणं मला काही कळत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचं केरी एक्सेलमध्ये पहिलं आलं होतं. हवा छान, व्यंकटेश्वराचं मोठं देऊळ, इडली-डोशाची रेलचेल. पण तिथे पेन्शनवर आयकर आहे आणि जवळच्या रालेच्या विमानतळावरून मुंबईला जायचं तर कधीकधी दोन ठिकाणी विमान बदलावं लागतं. आई मिरजेला आहे, चौऱ्याऐंशीची. तिचा फोन रात्री वाजला की आम्ही दोघंही उठून बसतो. दोन ठिकाणी विमान बदलणं म्हणजे एक दिवस उशिरा पोहोचणं.

खरी गोष्ट ठरली ती ऑक्टोबरात, नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. पडदा सरकला होता. कित्येक आठवडे त्याने गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मला रात्रीची हायवेवर गाडी चालवायला मुळीच आवडत नाही, पावसात तर नाहीच. सगळं माझ्यावर आलं आणि त्यातच माझी कंबर धरली. दोघंही घरात, गॅरेजमध्ये दोन गाड्या, आणि औषध आणायला कुणी नाही. शेजारचे आजोबा धावून आले. ते नेहमीच येतात. हिमवर्षाव झाला की आपला ड्राइव्हवे साफ करून न विचारता आमचाही करतात, वर खायला घरचं कॅसरोल ठेवून जातात. पण ते ऐंशीचे आहेत! आमच्या भागात बस येत नाही. आणि रेल्वे? पियोरियाला १९८१ पासून प्रवासी रेल्वेच नाही. नदीकाठी रॉक आयलंड कंपनीचं जुनं देखणं स्टेशन उभं आहे, पण गाडी नाही. परत सुरू करायची चर्चा अधूनमधून होते, पेपरात नकाशे छापून येतात, पुढे काही नाही.

माझे बाबा मिरजेला रेल्वेत गार्ड होते. आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, ती गोष्ट घरात रामायण-महाभारताइतक्या वेळा सांगितली गेली आहे. आमची आजी पंचाहत्तरीत एकटी कोयनेने पुण्याला जायची, पिशवीत दशम्या घेऊन, कुणाला न विचारता. मला या वयात कुठे राहायचंय हे मग मला स्पष्टच झालं: जिथे मी पंचाहत्तरीत कुणाला न विचारता बाहेर पडू शकेन तिथे. मी एक्सेलमध्ये एक रांग घातली, 'गाडी न चालवता', आणि तिला सगळ्यात जास्त गुण ठेवले. डॅलस, केरी, फीनिक्स, टेनेसीचं नॅशव्हिल, सगळी धडाधड खाली आली. सूर्यप्रकाश भरपूर, पण पाय टेकायला फुटपाथ नाही.

वर काय आलं? पेनसिल्व्हेनिया. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेची चेस्टर काउंटी: एक्स्टन, डाउनिंगटाउन, माल्व्हर्न, पाओली. एका जुन्या रेल्वेमार्गावर ओळीने वसलेली गावं. त्याच रुळांवरून सेप्टाच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या, लोकल धावतात आणि हॅरिसबर्गहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या ॲमट्रॅक या देशभरच्या रेल्वे कंपनीच्या कीस्टोन गाड्याही. नवऱ्याचा वालचंद कॉलेजचा मित्र तिथे राहतो. मार्चमध्ये त्यांच्याकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळी चहा पीत बसली होती, तेव्हा मी एकटी एक्स्टन स्टेशनवर गेले, तिकीट काढलं, तासाभराने फिलाडेल्फियात रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये उभी होते. जुन्या रेल्वे स्टेशनाखालचा बाजार. भाज्या, मासे, आमिश बायकांचे ब्रेड. चार वाजेपर्यंत भटकले आणि परत आले. कुणाचा मेसेज नाही की "घ्यायला येऊ का". गेल्या कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

शिवाय फिलाडेल्फियाहून दोहाला थेट विमान आहे, म्हणजे मुंबईला जाताना एकदाच बदलायचं, आणि विमानतळापर्यंत रेल्वे जाते. वयाच्या साडेएकोणसाठच्या पुढे पेनसिल्व्हेनियाही निवृत्तीच्या पैशांवर कर घेत नाही, म्हणजे इलिनॉयची एक चांगली गोष्ट बरोबर येते. न्यू जर्सीतल्या एडिसनची ओक ट्री रोड, भारतीय दुकानांचा तो रस्ता, गाडीने दीड-दोन तासांवर. तिथे काय मिळतं ते सांगायला नको.

फ्रिस्कोची मैत्रीण खो खो हसली. "थंडीतून निघून थंडीत?" हो, थंडीत. पण थंडी-थंडीत फरक आहे. जानेवारी २०१९ मध्ये इलिनॉयमध्ये माउंट कॅरलला उणे ३८ फॅरनहाइट नोंदलं गेलं, तो राज्याचा विक्रम. त्या आठवड्यात आमच्या गॅरेजचं दार गोठून उघडेना. फिलाडेल्फियाकडे बर्फ पडतो, पण हाडं गोठवणारे ते आठवडे सहसा नसतात. आणि सुरक्षित राज्य असं काही नसतंच. १७ नोव्हेंबर २०१३ ला, भर रविवारी सकाळी, आमच्या पलीकडच्या वॉशिंग्टन गावातून टोर्नेडो गेला आणि घरांच्या ओळीच्या ओळी उडाल्या. टेक्ससला फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज गेली आणि थंडीत माणसं मेली. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागाला २०२४ मध्ये हेलीन वादळाने झोडपलं.

तोटे? आहेत ना. पियोरियातलं चार बेडरूमचं घर विकून तिथे जेमतेम टाउनहाउस येईल, तेही जिन्याचं नको म्हटलं तर पंचाईत. पेनसिल्व्हेनियात वारसा कर आहे: मुलांना जे मागे ठेवू त्यावर साडेचार टक्के. नवरा त्यावर दोन दिवस गप्प होता. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, खर्च करून टाका ना मग." त्या काउंटीतली दोन इस्पितळं २०२१-२२ च्या सुमारास बंद पडली, त्यामुळे हाताशी काय उरलंय ते नकाशावर बघून ठेवलं. पाओलीला आहे, वेस्ट चेस्टरला आहे.

आणि सगळ्यात मोठी गंमत: ज्या रेल्वेसाठी चाललोय तीच धोक्यात. २०२५ मध्ये सेप्टाकडे पैसे नव्हते. कपातीच्या प्रस्तावात जे पाच लोकल मार्ग बंद करायचे होते, त्यात आमचा पाओली-थॉर्नडेल मार्गही होता. पुढे भांडवली निधीतला पैसा चालू खर्चाला वापरायची परवानगी मिळाली आणि ते टळलं, पण हा तात्पुरता टेकू आहे. नवरा म्हणाला, बघ, तुझी रांगच कोसळली. मी म्हटलं, ॲमट्रॅक थांबतेच की एक्स्टनला. शिवाय शंभर वर्षं लोकांच्या अंगवळणी पडलेली रेल्वे बंद करणं आणि जिथे लोकांना रेल्वेची सवयच नाही तिथे जाऊन राहणं, यात मी पहिली जोखीम घेईन.

मुलांचं काय, असं सगळे विचारतात. मुलांनी स्वतःच सांगितलं की आमच्याजवळ म्हणून शहर निवडू नका, आम्हीच कुठे असू माहीत नाही. रोखठोक आहेत, बापावर गेली आहेत. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग परत तिकडंच व्हय? इकडं या की. मिरजंत काय गाड्या नाहीत?" तिला उत्तर देता आलं नाही. भारतात परत जायचा विषय आमच्याकडे दर दोन वर्षांनी निघतो आणि नवऱ्याच्या औषधांच्या यादीपाशी येऊन थांबतो. तो वेगळा लेख आहे.

इथलं काय सुटेल? शेजारचे आजोबा, अर्थात. आणि मॉर्टनचे भोपळे. मॉर्टन म्हणजे आमच्याजवळचं गाव, स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं, डब्यातला भोपळा तिथेच भरला जातो. सप्टेंबरात शेतावरून आणलेल्या लाल भोपळ्याचे घारगे मी दरवर्षी करते आणि शेजाऱ्यांना देते. त्यांना ते "पम्पकिन डोनट" वाटतात. चेस्टर काउंटीत केनेट स्क्वेअर आहे, ते स्वतःला अळंब्यांची राजधानी म्हणवतं. अळंब्यांचे घारगे होत नाहीत.

ठरलंय ते असं. घर एप्रिलअखेर विक्रीला काढायचं. तिकडे लगेच विकत घ्यायचं नाही, वर्षभर भाड्याने राहायचं, एक अख्खा हिवाळा बघायचा. स्नोब्लोअर (बर्फ हटवायचं यंत्र) बरोबर न्यायचा की नाही यावर अजून एकमत नाही. माझं म्हणणं, स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर हवं, मग लहान का असेना. नवऱ्याला गॅरेज हवं. एक्स्टन किंवा डाउनिंगटाउनच्या बाजूला राहणारं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगा: स्टेशनपासून घरापर्यंतचा फुटपाथ बर्फ पडल्यावर कोण साफ करतं, गाव की घरमालक? मार्चमध्ये हे बघायचं राहून गेलं, तेव्हा बर्फ नव्हता.