आमची वाटचाल: नाताळचा फराळ, घरचा आणि गिऱ्हाइकांचा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळपासून फार लांब नसलेल्या एका गावात आमचे घर आहे आणि त्याच घराच्या मागच्या पडवीत आमचा उद्योग चालतो. वर्षाचे आमचे हंगाम दोन: उन्हाळ्यात बॉटल मसाला आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत फराळ. मधल्या महिन्यांत मसाल्याच्या बाटल्या तेवढ्या जात राहतात. पाटी लावून दुकान आम्ही कधी थाटले नाही. ज्यांना माल हवा असतो ते घरी येतात किंवा फोन करतात, आणि अलीकडे बरीचशी मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते.

२००७ सालापर्यंत हा फराळ केवळ घरासाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताटे पाठवण्यासाठीच होत असे. वाडीतली केळी आणि थोडा मोगरा यांवर एवढ्या मोठ्या घराचे भागत नव्हते. मी चर्चगेटच्या बाजूला एका कार्यालयात नोकरी करत होते आणि विरार लोकलच्या महिला डब्यातल्या मैत्रिणींसाठी सासूबाई दर डिसेंबरात एक मोठा डबा भरून देत असत. त्यातल्या काहींनी पुढे स्वतःहून पैसे देऊन किलोच्या हिशेबाने फराळ मागितला. सासूबाईंना पैसे घेणे पटेना. सणाचे ताट विकायचे नसते, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी त्यांनी एक अट घालून होकार दिला, ती अशी की कोणत्याही पदार्थाचा पहिला घाणा घरासाठी आणि शेजारासाठी निघेल आणि त्यानंतरचाच विकायला जाईल. आमच्या उद्योगाचा हा पहिला नियम आजही तसाच पाळला जातो, आणि तो पाळणे वाटते तितके सोपे नाही, कारण हंगामाच्या गर्दीत सर्वांत आधी मोडता येईल असा नियम हाच असतो.

आमच्या खोक्यात नेवऱ्या, कलकल (गोड पिठाच्या तळलेल्या गुंडाळ्या), पेरू चीज (पेरूच्या गराची वडी), मिल्क क्रीम (दुधाची वडी), मार्झिपॅन (काजूची मिठाई), खजुराचे रोल आणि थाळी स्वीट (थाळीत भाजलेली रवा-नारळाची मिठाई) असे पदार्थ असतात. यातले आपले कोणते आणि पोर्तुगीजांचे कोणते, असा प्रश्न नवे गिऱ्हाईक हमखास विचारते. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. एवढ्या दोनशे वर्षांत स्वयंपाकघरात काय कोठून आले याची वाटणी करणे अवघड आहे. पेरू, काजू आणि मिरची ही तिन्ही मुळात अमेरिकेची आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आलेली; त्यामुळे आमचे पेरू चीज, काजूचे मार्झिपॅन आणि बॉटल मसाला या तिन्हींचा उगम त्या काळाशी जोडता येतो. नेवरी मात्र शेजारच्या घरात दिवाळीला होणाऱ्या करंजीपेक्षा वेगळी नाही. दिवाळीत त्यांचे ताट आमच्याकडे येते, नाताळात आमचे त्यांच्याकडे जाते, आणि दोन्ही ताटांतील करंज्यांच्या खुसखुशीतपणाची तुलना दोन्ही घरांत होते. ती उघडपणे कोणी बोलून दाखवत नाही, इतकेच.

या व्यवसायातला खरा गुंता भांडवलाचा नव्हता, मनुष्यबळाचा होता. कलकल एकट्या माणसाने करण्याचा पदार्थच नाही. मैदा, थोडा बारीक रवा, अंडे, लोणी आणि नारळाचे घट्ट दूध घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा केवळ याच कामासाठी राखून ठेवलेल्या फणीवर दाबून पसरायची आणि अंगठ्याने वळवत तिची गुंडाळी करायची. कड नीट मिटली नाही तर ती तेलात उलगडते. एका किलो पिठाच्या शेकडो गोळ्या होतात. म्हणून आमच्याकडे हे काम पूर्वीपासून सावडीने होत आले आहे. आज आमच्या घरी, उद्या मोठ्या जावेकडे, परवा समोरच्या घरी, असे करत जेवणानंतर सगळ्या बायका, मुले आणि हौशी पुरुषही परातीभोवती बसतात. कोणाचे लग्न ठरले, कोणाची वाडी कोणी घेतली, यंदा येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा कोणता, या साऱ्या गोष्टी त्या परातीभोवतीच कळतात.

पण विकायच्या मालाचे पीठ सावडीने वळून घ्यावे का? पहिल्या एकदोन हंगामांत मागणी थोडी होती तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नाही. मागणी वाढली तशी परात रोज आमच्याच घरी मांडली जाऊ लागली आणि सावडीची फेड होण्याला काही अर्थ उरला नाही. किलोमागे मजुरी देण्याची गोष्ट मी काढली तेव्हा मोठ्या जाऊबाई दुखावल्या. “घरच्या कामाचे पैसे घेऊन मी कुठे जाऊ?” असे म्हणून त्या दोन दिवस फिरकल्या नाहीत. आम्ही मग कामाची वेळच वेगळी केली. दुपारी दोन ते पाच विक्रीचे काम, त्याची वही, वजन आणि मजुरी. रात्री जेवणानंतर घरचे पीठ, आणि ते जुन्या रीतीने, आळीपाळीने ज्याच्या त्याच्या घरी. जाऊबाई दुपारी येतात, वजनही करून घेतात आणि आपली मजुरी नातीच्या नावाने वहीत लिहायला सांगतात. नात्यातल्या बायकांना फुकट राबवून मालाचा दर खाली ठेवणारे घरगुती उद्योग मी पाहिले आहेत. तो दर खोटा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आमची सगळी मजुरी २० डिसेंबरच्या आत चुकती होते, कारण त्या बायकांनाही आपापल्या घरचा नाताळ करायचा असतो आणि सण झाल्यावर हातात आलेल्या पैशांचा त्यांना त्या वेळी उपयोग नसतो.

पीठ मळण्यासाठी आम्ही यंत्र घेतले. वळण्यासाठी मात्र घेतले नाही. साच्यातून पडलेले कलकल दिसायला एकसारखे असतात, परंतु त्यांची गुंडाळी आतून पोकळ राहत नाही, आणि तळल्यावर ती मध्यभागी मऊ पडते. त्यामुळे हंगामात किती माल करता येईल याची मर्यादा परातीभोवती किती जणी बसू शकतात यावरच ठरते आणि आम्ही ती मान्य केली आहे.

पेरू चीजचे गणित निराळे आहे. येथे हातांपेक्षा फळाला महत्त्व आहे. पूर्ण पिकलेल्या पेरूला वास चांगला येतो, पण गर आळून येण्यासाठी लागणारे पेक्टिन थोड्या कच्च्या फळात अधिक असते. म्हणून आम्ही पिकल्या पेरूंत काही अर्धवट कच्चे मिसळतो. फळे शिजवून चाळणीतून गाळायची, बी वेगळे काढायचे, जेवढा गर असेल तेवढी किंवा किंचित कमी साखर घालायची आणि जाड बुडाच्या पातेल्यात लिंबाच्या रसासह ढवळत राहायचे. शेवटी लोणी घालायचे. मिश्रण पातेल्याची कड सोडू लागले आणि त्याचा थेंब थंड पाण्यात टाकल्यावर घट्ट गोळी झाली, की तूप लावलेल्या ताटात थापायचे. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात घट्ट होत आलेला गर उसळून मनगटावर उडतो, आणि नेमके त्याच वेळी ढवळणे थांबवून चालत नाही. हे काम आमच्याकडे माझे यजमान करतात. हाताला जुना टॉवेल गुंडाळून, लांब दांड्याच्या लाकडी कालथ्याने, कोणालाही जवळ येऊ न देता.

बॉटल मसाल्यामुळे हा उद्योग बाराही महिने जिवंत राहिला. एप्रिल आणि मे महिन्यांत काश्मिरी आणि रेशमपट्टी मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळवून, हळद, धणे, तीळ, खसखस, गहू, चण्याची डाळ, नागकेशर, मायपत्री अशा वीसहून अधिक जिन्नसांसह निरनिराळ्या भाजून पावसाच्या आत कुटून ठेवायच्या, ही आमच्याकडची जुनी रीत. पूर्वी लाकडी उखळ आणि उंच मुसळे घेऊन कांडणाऱ्या बायका घरोघर येत; आता काम डंकीवर होते. मसाला तपकिरी बाटलीत काठीने ठासून भरतात, कारण उजेड आणि हवा लागली की मिरचीचा रंग उतरतो. पूर्वी त्यासाठी बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरत असत. विक्रीसाठी ते योग्य नसल्याने आम्ही त्याच रंगाच्या नव्या बाटल्या मागवतो, पण जुन्या गिऱ्हाइकांपैकी काही जण अजूनही आपली घरची बाटली घेऊन येतात.

अन्न परवान्याची नोंदणी आम्ही नोकरी सोडण्याचा निर्णय झाल्यावर केली. वर्षाला १२ लाख रुपयांच्या आतली उलाढाल असल्यामुळे साधी नोंदणी पुरेशी होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होते. १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापल्यानंतर कार्यालयांतून एकगठ्ठा मागणी येऊ लागली. अंडे असलेल्या पाकिटांवर मांसाहाराची तपकिरी खूण लावावी लागते. ती पूर्वी गोल होती, आता त्रिकोणी आहे. खूण पाहून काही गिऱ्हाइके बिचकतात, म्हणून पेरू चीज, मिल्क क्रीम आणि नेवऱ्या यांचे बिनअंड्याचे वेगळे खोके आम्ही ठेवले आहे, आणि त्याचे काम सकाळी, अंडे फोडण्यापूर्वी, वेगळ्या भांड्यांत उरकतो.

२०२० सालचा नाताळ येथे सांगितला पाहिजे. २२ डिसेंबरपासून राज्यातल्या महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लागू झाली, वसई-विरारही त्यात आले आणि मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली नाताळची उपासना, संध्याकाळवर आली. नातेवाईक एकमेकांकडे जाऊ शकत नव्हते, त्यामुळे लोकांनी आपल्या आईवडिलांच्या, भावंडांच्या पत्त्यावर फराळ पाठवण्यास सांगितले. आमच्याकडे परात मांडता येत नव्हती. आम्ही मळलेले पीठ डब्यांत भरून घरोघर दिले, ज्याने त्याने आपापल्या घरी वळले आणि तळण आमच्याकडे झाले. माल वेळेवर गेला, विक्रीही आधीच्या हंगामापेक्षा जास्त झाली. तरी ज्या हंगामात परातीभोवती कोणी बसले नाही त्याला चांगला हंगाम म्हणायला सासूबाई आजही तयार नाहीत.

मागणी घेण्याची शेवटची तारीख आम्ही फार विचारपूर्वक ठरवली आहे. २१ तारखेनंतर आमच्या चुलीवर विक्रीचे काहीही चढत नाही. व्यवसायाच्या दृष्टीने हे चार दिवस सर्वांत जास्त पैशांचे असतात आणि हिशेब पाहणारा आमचा मुलगा दर हंगामात त्याची आठवण करून देतो. परंतु मुले लहान असताना सगळे घर नाताळच्या वासाने भरलेले असे आणि त्यांचा हात मात्र कोणत्याही ताटापर्यंत पोहोचू दिला जात नसे, हे मी आणि त्यांचे वडील दोघांनीही पाहिले आहे. २२ तारखेला पडवी धुतली जाते, मापे आणि वजनकाटा वर ठेवला जातो. २३ तारखेला इंद्याल (मांसाचे आंबट-तिखट कालवण) शिजते, कारण व्हिनेगरमध्ये मुरलेले मांस दोन दिवसांनी अधिक चवदार लागते. २४ तारखेला पुरुषमंडळी गोठ्याचे राहिलेले काम आटोपतात, चांदणीचा कंदील टांगतात आणि रात्री गावातली मुले नाताळगीते गात येतात. मिस्सेहून परतल्यावर केक कापला जातो, आणि सकाळी फुगे तळले जातात. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचे आंबवलेले पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून दाबत एकेक गोळा तेलात सोडायचा, ही कला आमच्या घरात फक्त सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई यांनाच पूर्णपणे साधली आहे. गिऱ्हाइकांनी फुगे पुष्कळदा मागितले. ते तळल्या दिवशीच खाल्ले पाहिजेत आणि तो दिवस आमचाही आहे, म्हणून ते आमच्या दरपत्रकात नाहीत आणि येणारही नाहीत.

गेल्या काही हंगामांत नारळ आणि काजू यांचे भाव फार वर गेले, अंडी तर डिसेंबरात दरवर्षीच महागतात. माल पातळ करण्यापेक्षा खोके लहान करणे आम्हाला बरे वाटले, त्यामुळे यंदापासून अर्ध्या किलोचे खोकेही मिळेल आणि मार्झिपॅन त्यात थोडेच असेल. मुलीने पडवीला लागून एक स्वतंत्र खोली बांधून घेतली आहे, तिथे भरणीचे आणि चिठ्ठ्या लावण्याचे काम होईल. परात मात्र पडवीतच राहील. आजूबाजूच्या वाड्यांतल्या पेरूंची बोलणी ऑक्टोबरातच करून ठेवली आहेत, आणि मागणीची वही आगमन काळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी, चर्चमधून परत आल्यावर उघडेल.