तार्क्विनियाचे घोडे

आज रोमहून ट्रेन पकडून तार्क्विनियाला जाऊन आले. विटेलेस्की राजवाड्यातल्या म्युझियममध्ये पंखांच्या घोड्यांची ती जोडी आहे, तिच्यासाठीच. फोटो शेकडो वेळा पाहिले होते, तरी समोर उभी राहिल्यावर घसा दाटून आला.

रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांनी इ.स.पू. चौथ्या शतकात भाजक्या मातीतून घडवलेले हे घोडे. 'आरा देल्ला रेजिना' या भव्य मंदिराच्या छपराखालच्या त्रिकोणी दर्शनी भागात ते बसवलेले होते. १९३८ साली उत्खननात सापडले ते तुकड्यांत. तो एकेक तुकडा जुळवत बसलेल्या हातांना मनापासून नमस्कार!

पंखांचा घोडा म्हटलं की आपल्याला ग्रीकांचा पेगॅसस आठवतो, केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसा राक्षसिणीच्या रक्तातून जन्मलेला, एकटा. इथे मात्र जोडी आहे आणि ती रथाला जुंपलेली आहे. रथ कुठे आहे? तो हरवला. त्यामुळे त्यात कोणती देवता बसली होती, हे सांगता येत नाही. मला त्या रिकाम्या जागेची फार हुरहुर लागली.

जवळून पाहिलं तर मानेखाली फुगलेल्या शिरा दिसतात. अयाळ आखूड कापलेली, पंखांची पिसं एकावर एक रचलेली. खिळे ठोकायची भोकंही तशीच आहेत. आणि पाय! एक उचललेला, जणू आत्ता निघतील. घोड्यावर माया असल्याशिवाय असा पाय घडत नाही.

बंद व्हायची वेळ झाली तरी पाय निघेना. शेवटी तिथल्या बाईंनी हळूच घड्याळ दाखवलं.