मरेपर्यंत विसरणार नाही

कपाटाचा वरचा खण उपसायला घेतला की दुपार गेली समजायचं. गेल्या रविवारी मी फक्त विम्याचा एक कागद शोधत होतो, आणि हाताला लागली जुनी डायरी. कागद अजून सापडलेला नाही.

डायरी मी चौदा वर्षांचा असतानाची. पहिल्याच पानावर तंबी : 'परवानगीशिवाय वाचू नये'. परवानगी कुणाकडे मागणार? हातभर लांब धरून वाचू लागलो. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं धूसर आणि लांबचं स्पष्ट. (डोळ्यांबद्दलच बोलतोय.) आपल्या भाषेनं त्या चष्म्याला सरळ 'चाळिशी'च म्हणून टाकलं, लपवाछपवी नाही.

तर मध्येच एका पानावर एकच वाक्य : 'आजची गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही.' खाली तीन रेघा. पेन इतकं दाबून चालवलेलं, की पान उलटून मागून बोट फिरवलं तर रेघांचे उंचवटे अजून लागतात. तिसरी रेघ तर कागद फाडूनच गेलीय. काय घडलं, त्याचा मात्र एक शब्द नाही. विसरणारच नसेन तर लिहायचं कशाला, हा चौदाव्या वर्षाचा बिनतोड हिशेब.

मला काहीही आठवत नाही.

आधीच्या पानावर सायकलची चेन तीनदा पडल्याची नोंद आहे, पुढच्या पानावर 'भूमितीचा पेपर बरा गेला'. कुणी मारलं असेल? वर्गात हसले असतील? बाबा काही बोलले? डोकं खाजवून झालं. चाळिशीनंतर माणसाला मागचं आठवायला सांगितलं, की दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात, असं मानसशास्त्रवाले सांगतात. म्हणजे माझा हा दिवस अगदी राखीव जागेवर बसलेला होता, तरी मधल्या कुठल्याशा स्टेशनावर उतरून गेला.

तेव्हा मी रागवायचो कसा, ते मात्र लख्ख आठवतं. पलंगाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. फरशी गार, नाकात धूळ. आपण नाहीसे झालोय हे घरात कुणाच्या लक्षात येतंय का, ते मोजत राहायचं. शंभरपर्यंत, मग पुन्हा एकपासून. एकदा आईची पावलं पलंगापाशी येऊन थांबली. टाचांच्या भेगा दिसत होत्या. ती वाकली नाही, तशीच निघून गेली, आणि माझा राग दुप्पट झाला. तिला माहीत होतं का मी खाली आहे ते, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता पलंगाखाली मावत नाही, हा एक भाग. पण तेवढा रागही येत नाही. मागच्या महिन्यात माझं दीड महिन्याचं काम एकानं भर मीटिंगमध्ये स्वतःच्या नावावर खपवलं. मी घरी आलो, पाणी प्यायलो, झोपलो. बायको म्हणाली, "शहाणपण आलं हो तुम्हाला." मला ते शहाणपण वाटत नाही, आळस वाटतो. राग धरायला अंगात ताकद लागते, रोज त्याला खाऊपिऊ घालावं लागतं.

2003 साली सुझन चार्ल्स, मारा मॅदर आणि लॉरा कार्स्टेन्सन यांनी वेगवेगळ्या वयांच्या लोकांना चांगली, वाईट आणि साधी चित्रं दाखवली, मग कुठली आठवतात ते पाहिलं. जसजसं वय जास्त, तसतसा आठवणीतल्या वाईट चित्रांचा वाटा कमी. कार्स्टेन्सनबाईंचं म्हणणं असं, की खरा फरक वयानं पडत नाही, हाताशी किती काळ उरलाय या जाणिवेनं पडतो. गंभीर आजारी असलेली तरुण माणसंही म्हाताऱ्यांसारखीच वागतात, नव्या ओळखींपेक्षा जवळचीच माणसं निवडतात. हे वाचल्यापासून माझ्या शांतपणाचं मला पूर्वीइतकं कौतुक राहिलं नाही.

शिवाय सगळंच शांत झालंय असंही नाही. पूर्वी न येणारं रडू आता भलत्याच ठिकाणी येतं. स्टेजवर ओळी विसरून उभा राहिलेला कुणाचा तरी पोरगा बघून माझा घसा दाटला. ना ओळख ना पाळख.

अबोल्याचंही तसंच. तेव्हा चार दिवसांचा अबोला म्हणजे युग. पॉल झाने या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1877 मध्येच हे गणित मांडलं होतं : दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. आता कुणाशी वर्षभर बोलणं झालं नाही तरी ते अबोल्यात मोडत नाही, 'राहून गेलं' यात मोडतं.

सगळ्यात गंमत 2013 च्या एका अभ्यासाची. 18 ते 68 वयाच्या 19 हजारांहून जास्त लोकांना विचारलं, गेल्या दहा वर्षांत किती बदललात? पुष्कळ. आणि पुढच्या दहात? छे, आता काय बदलायचं! जवळजवळ प्रत्येक वयाचं हेच उत्तर. वाचून खूप हसलो. आणि हसता हसता मनात आलं, की माझ्या बाबतीत मात्र आता खरंच काही बदलायचं उरलेलं नाही.

संध्याकाळी न राहवून ताईला फोन केला. तारीख सांगितली, वाक्य वाचून दाखवलं, तीन रेघांचंही सांगितलं. मला वाटलं, हसेल.

ती बराच वेळ काही बोललीच नाही.

"तुला खरंच आठवत नाही?"

"नाही गं. काय झालं होतं?"

"राहू दे मग," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तुझी बीपीची गोळी चालू आहे ना?"

चालू आहे म्हणालो.