तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला भाव येतो कुठून?

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉईनने एक लाख डॉलरचा आकडा ओलांडला आणि तीन वर्षं हरवलेला माझा फोन नंबर नातेवाइकांना अचानक सापडला. आधी तब्येत, मग पोरांची शाळा, मग मुद्दा: "तुमचा तो कॉईनचा कट्टा अजून भरतो का?" आणि पाठोपाठ, "मला एक सांग, त्याला भाव येतो कुठून? मागे काय आहे त्याच्या?"

सात-आठ वर्षं झाली हा प्रश्न ऐकून. लग्नात, बाराव्याला, एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना विचारला गेला. दर वेळी मी वेगळं उत्तर दिलं आणि त्यातलं एकही आज मला पूर्ण पटत नाही. तरी तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

२०१७ साली आम्ही सदाशिव पेठेत, एका खानावळीच्या वरच्या खोलीत, दर रविवारी जमायला लागलो तेव्हा माझ्याकडे या प्रश्नाला एक ठेवणीतलं उत्तर होतं. खिशातून शंभराची नोट काढायची आणि वाचायला लावायचं: 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ.' मग विचारायचं, ही नोट घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात तर काय देतील? शंभरच रुपये ना? मग हिच्या मागे काय आहे? कुणी फारच वाद घातला तर एक रुपयाची नोट. तिच्यावर गव्हर्नरची सही नसते, वित्त सचिवांची असते, आणि वचन तर मुळीच नसतं. समोरचा गप्प बसायचा. मला वाटायचं, पटलं.

नोटबंदी तर आमच्यासाठी तयार भाषण होतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता जाहीर झालं आणि मध्यरात्रीनंतर पाचशे-हजाराचा कागद झाला, बघा तुमचा पैसा! हे मी किती वेळा बोललो असेन. पण तेव्हा डोळ्यांसमोर जे घडलं ते मी पाहूनही पाहिलं नव्हतं. लोक रुपया सोडून पळाले नाहीत. जुन्या रुपयातून नव्या रुपयात जायला ते रांगेत उभे राहिले. घरपट्टी, वीजबिल, शाळेची फी हे सगळं रुपयातच मागतात, म्हणून रुपया लागतो. २०१७ च्या मला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "म्हणजे जबरदस्ती." हो बाबा, थोडी जबरदस्तीच. पण ते एक उत्तर तरी आहे. तुझ्याकडे काय होतं?

त्याच्याकडे दोन उत्तरं होती. पहिलं, बिटकॉईन दोन कोटी दहा लाखांच्या वर कधीच निघणार नाहीत, म्हणजे दुर्मीळ. दुसरं, ते काढायला संगणक चालवून प्रचंड वीज खर्च होते, म्हणजे फुकटचे नाहीत. ही दोन्ही मी वडिलांना, अण्णांना, ऐकवली होती.

आमचं घर विट्याचं, धंदा गलाईचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, तसे अण्णा कोइमतूरला. तीस वर्षं मूस, भट्टी आणि तेजाबाचा वास. त्यांनी विजेचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आज्यानं पन्नास फूट हीर खणली. खर्च झाला म्हणून पाणी लागलं का?" दुर्मिळतेवर काहीच बोलले नाहीत. नुसते हसले, त्याचा मला जास्त राग आला. मग मी विचारलं, तुमच्या सोन्याचा भाव तरी कुठून येतो? ते म्हणाले, "मला टंच काढता येतो. भाव काढता येत नाय. भाव बाजारातनं येतो, तो फोनवर विचारायचा."

हे वाक्य तेव्हा मला अडाणीपणाचं वाटलं होतं. लगडीत शंभरात किती भाग खरं सोनं, ते कसोटीला घासून, तेजाब लावून सांगता येतं आणि कुणीही पुन्हा तपासलं तरी तेच येतं. आमचं ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची अनेक संगणकांवर ठेवलेली सामायिक वही, बरोबर हेच करतं. हे नाणं खरं आहे, दोनदा खर्च झालेलं नाही, अमुक पत्त्यावर आहे, हे जगात कुठेही बसून तपासता येतं. टंच चोख. त्यातून आम्ही भावाचीही खात्री काढत होतो, ती आमची आगाऊ बेरीज होती.

भाव कुठून येत होता याचा पुरावा तर आमच्या खोलीतच होता. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉईन वीस हजार डॉलरच्या जवळ गेला तेव्हा जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांतून बाहेर पडायला सांगितलं, आणि दिवाळीपर्यंत आम्ही पाच जण उरलो. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. आम्ही पेढे वाटायच्या आत लॉकडाऊन लागला. हजेरीपट आणि भावाचा आलेख एकावर एक ठेवले तर कुठला कुठला ते ओळखू आलं नसतं. तरी आम्ही म्हणायचो, आम्ही तंत्रज्ञानासाठी येतो. काही जण खरंच येत. दर २२ मेला खाली खानावळीच्या मावशींकडे थालीपीठ खाऊन आम्ही फ्लोरिडातल्या त्या माणसाचा दिवस साजरा करायचो, ज्याने २०१० साली दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉईन मोजले. अजूनही मला वाटतं, ते चांगले दिवस होते.

आता मावशींचं. खरं तर हे एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळी टाळाटाळ झाली.

२०२१ चा दसरा १५ ऑक्टोबरला होता. आम्ही नऊ जण जमलो होतो. आपट्याची पानं वाटून झाली आणि कुणीतरी म्हणालं, सोनं म्हणून झाडाची पानं चालतात तर आपलं स्वतःचं नाणं का नको? त्या वर्षी जगात कुत्र्यांच्या नावाने नाणी निघत होती, त्यामुळे कल्पना काही वेडगळ वाटली नाही. नाणं बनवायला वीस मिनिटं लागली. नाव सांगत नाही, हसाल. एकूण नाणी एक कोटी, पुढे एकही वाढणार नाही अशी सोय केली. म्हणजे दुर्मीळच. प्रत्येकाने दहा लाख घेतली, उरलेली दहा लाख गल्ल्यात.

हा गल्ला समजून घ्या, सगळं त्यात आहे. त्याला लिक्विडिटी पूल म्हणतात. दोन कप्पे असतात, एकात आमची नाणी, दुसऱ्यात खरे पैसे. घेणारा पैसे टाकून नाणी उचलतो, विकणारा नाणी टाकून पैसे. दोन्ही आकड्यांचा गुणाकार कायम राहील अशा बेताने मशीन भाव ठरवतं. प्रत्येकी दोन हजार काढून आम्ही १८,००० टाकले. (हिशेब बीएनबी नावाच्या दुसऱ्या एका डिजिटल नाण्यात होता, सोयीसाठी रुपयांत सांगतो, फी सोडून देतो.) दहा लाख नाण्यांसमोर अठरा हजार, म्हणजे एकाचा भाव १.८ पैसे. तेवढ्यात माझ्या फोनवर माझ्या दहा लाख नाण्यांची किंमत दिसली: १८,०००. दोन हजार टाकले होते, अर्धा तासही झाला नव्हता. खोलीत जो हशा झाला तो आठवतो. मीही हसलो, पण फोन खिशात ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात दोघांनी मिळून, गंमत म्हणून, आणखी १८,००० ची खरेदी केली. गल्ल्यात आता ३६,००० आणि नाणी पाच लाख. भाव ७.२ पैसे, चौपट. प्रत्येकाचे दहा लाख आता ७२,००० चे दिसायला लागले.

नऊ जणांत एक मावशींचा भाचा होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याने त्यांना फोनवरचा आकडा दाखवला. खानावळीचं गिऱ्हाईक म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुलं, ती लॉकडाऊनमध्ये गावी गेली आणि पुष्कळ परतलीच नाहीत. मावशींनी डीप फ्रीजरसाठी बाजूला ठेवलेले ३६,००० त्याच्या हातात दिले. मला हे दोन दिवसांनी कळलं. म्हणजे मी विचारलं तेव्हा कळलं. भाव अचानक २८.८ पैशांवर गेलेला मी त्याच रात्री पाहिला होता आणि बाहेरचा कुणीतरी आला म्हणून खूश झालो होतो.

मावशींना ३६,००० ची अडीच लाख नाणी मिळाली आणि त्यांची किंमत दिसत होती ७२,०००. माझ्या दहा लाखांची २,८८,०००. आम्हा नऊ जणांचे मिळून कागदावर २५ लाखांच्या वर. गल्ल्यात खरे पैसे किती? ७२,०००. तेही अर्धे मावशींचे.

कट्ट्यावर ही गोष्ट मी नेहमी अशी सांगत आलो की 'आमच्यातल्या एकाने' मग विकलं. तो मी. पुढच्या रविवारी 'लिक्विडिटी' या विषयावर बोलायचं होतं, त्यासाठी प्रयोग करून पाहिला, असंही मी सांगितलंय. विषय खरंच ठरलेला होता. पण त्या रात्री मी विकलं ते २,८८,००० हा आकडा मला बघवत नव्हता म्हणून. जो आधी विकेल त्यालाच काहीतरी मिळणार, हे नऊ जणांत सगळ्यात चांगलं मला ठाऊक होतं, कारण ते गणित मीच बाकीच्यांना शिकवलं होतं.

दहा लाख विकले, ५७,६०० आले. २,८८,००० नाही. गल्ल्यात १४,४०० उरले. मावशींच्या ७२,००० चे २,८८० झाले. मी ते पैसे लगेच परत टाकले असते तर भाव होता तिथे गेला असता, गणित उलटंही तसंच चालतं. टाकले नाहीत. टाकले की दुसरा कुणी विकणार, अशी माझी खात्री होती. सकाळी दुसऱ्याच दोघांनी खरंच मिळेल ते काढून घेतलं आणि गल्ल्यात साडेपाच हजार राहिले. मावशींचे दिसत होते सव्वाचारशे.

मी खाली गेलो. दुपारची वेळ, त्या मेथी निवडत होत्या. मी मार्केट, पूल, गुणाकार असं सगळं पाच मिनिटं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझे छत्तीस हजार गेले कुठे?" मी पुन्हा सुरुवात केली, की तसे ते कुठे जात नाहीत, मूल्य कमी होतं... "अरे पण मी नोटा दिल्या होत्या ना? त्या काय हवेत जातील? कुणाकडे तरी असतीलच." मी गप्प. मग म्हणाल्या, "तुझ्याकडे आहेत का?"

या एका प्रश्नाला मी तेवढं सरळ उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी पाकिटात ३६,००० नेऊन दिले. त्यांनी मोजून घेतले. उरलेल्या २१,६०० मधले १८,००० त्या दोघांचे म्हणायचे, ज्यांनी गंमत म्हणून टाकले होते. ते मी दिले नाहीत. ते जाणते होते, धोका पत्करून आले होते, असं मी स्वतःला सांगतो. मावशी जाणत्या नव्हत्या असं मानायला मला सोयीचं जातं, पण त्या दोघांपेक्षा त्यांचा हिशेब पक्का निघाला.

मग काय, सगळं थोतांड? इथे तुम्हाला 'हो' ऐकायचं असतं आणि इथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. आमच्या नाण्यातली नव्वद टक्के आमच्याच खिशात होती आणि गल्ला एवढासा. बिटकॉईनचा गल्ला एका माणसाने विकून रिकामा होत नाही. ३ जानेवारी २००९ पासून ते चालू आहे आणि नियम कुणाच्या मर्जीने बदललेले नाहीत. २०२२ मध्ये सरकारने नफ्यावर तीस टक्के कर आणि वर एक टक्का टीडीएस लावला (तोही रुपयातच भरायचा, हे २०१७ च्या मला मुद्दाम ऐकवतो). त्याच नोव्हेंबरमध्ये जगातली मोठी एक्स्चेंज एफटीएक्स, म्हणजे ही नाणी घ्यायचा-विकायचा बाजार, बुडाली, आमचा कट्टा मोडला, तरी ते नाणं मेलं नाही. माझ्याकडे थोडं अजून आहे. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि सराफ बट्टा कापून एकाचा दुसरा करून देत. म्हणजे एकच पैसा, एकच शिक्का हीही काही अनादि गोष्ट नाही. हे सगळं मी मनापासून मानतो.

पण हे लिहिताना लक्षात येतं की गल्ला मोठा आहे, एवढंच मी वेगळं सांगितलं. मोठ्या गल्ल्यातही शेवटी कुणीतरी फ्रीजरचे पैसे टाकलेले असतात का? अण्णांना विचारलं तर म्हणतील, सोन्यातही असतात. म्हणजे काय समजायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

राहता राहिली मावशींची अडीच लाख नाणी. पैसे परत देताना मी म्हटलं होतं, भाच्याला सांगून ती माझ्याकडे पाठवा, प्रकरण मिटवून टाकू. त्या म्हणाल्या, "का म्हणून? मी विकत घेतलीयेत. पैसे तू आपणहून दिलेस." त्यामुळे गल्ला बंद करता येत नाही. तो माझ्या नावावर आहे, आणि मी माझे काढून घेतले की त्यांच्या नाण्याचा भाव शून्य. जेवायला गेलो की त्या अधूनमधून विचारतात, "आज काय चाललंय?" मी फोन काढून सांगतो. मध्ये बीएनबी वाढला, डॉलरही वाढला, म्हणून आमच्यातल्या कुणीही बोट न लावता सव्वाचारशेचे पाचशेच्या वर गेलेत. तेवढंही सांगितलं.

"राहू दे मग," म्हणाल्या, आणि ताटात आमटी वाढली.