‘संविधान जाळेन’ म्हणाले होते, पण पुढचं वाक्य कुठे गेलं?

नोव्हेंबर-डिसेंबर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ती पोस्ट परत सुरू होते, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली एकच ओळ, संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन. ना तारीख, ना कुठे बोलले ते, ना विषय काय होता ते. मग खाली भांडण लागतं. एक जण लिहितो बघा, ज्यांनी लिहिलं त्यांनाच ते नको होतं, दुसरा तावातावाने लिहितो की हे साफ खोटं आहे, बाबासाहेब असं बोलणं शक्यच नाही. मला दोघांचाही राग येतो, आणि खरं सांगू, दुसऱ्याचं जास्त वाईट वाटतं कारण तो आपल्यातलाच असतो आणि प्रेमापोटी चुकीचं सांगत असतो.

कारण ते खरंच बोललेत. २ सप्टेंबर १९५३, राज्यसभा. आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती, भाषेच्या आधारावर नवीन राज्य होणार होतं, आणि बाबासाहेबांची काळजी अशी की अशा राज्यात एखादी मोठी जात सगळं ताब्यात घेईल, मग बाकीच्या छोट्या समाजांनी आणि अस्पृश्यांनी जायचं कुठे? म्हणून ते राज्यपालांना अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी जादा अधिकार द्या असं मागत होते, कॅनडाच्या घटनेतल्या कलमाचा दाखलाही त्यांनी दिला. त्यावर सभागृहात सूर असा की घटना तर तुम्हीच केलीत ना. त्याच भाषणात ते भडकून म्हणाले की मी सांगकाम्या होतो, मला जे करायला सांगितलं ते केलं, बरंचसं माझ्या मनाविरुद्ध. आणि नंतर ते जाळण्याचं वाक्य आलं. मला ती नको, ती कुणालाच सोयीची नाही, असंही त्याला जोडून म्हणाले. भाषण इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत सांगतोय.

आता पोस्टमधून जे कापलं जातं ते बघा. लगेच पुढे ते म्हणतात, पण ते काहीही असो, लोकांना हीच घटना पुढे चालवायची असेल तर त्यांनी विसरू नये की इथे बहुसंख्याक आहेत तसे अल्पसंख्याकही आहेत, आणि तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धक्का बसेल असं म्हणून अल्पसंख्याकांना बाजूला सारता येणार नाही. सगळ्यात मोठं नुकसान अल्पसंख्याकांना दुखावण्यानेच होईल. म्हणजे अख्खा मुद्दा दुबळ्यांच्या संरक्षणाचा आहे, आणि तेच वाक्य कापून नेमकं त्या संरक्षणाविरुद्ध वापरलं जातं, हे मला सहन होत नाही.

पण आपल्या बाजूनेही एक गडबड होते. कुणी हे वाक्य टाकलं की उत्तर म्हणून मंदिराचा दाखला देतात, देवासाठी मंदिर बांधलं पण देवाच्या आधी सैतानाने ताबा घेतला, तर मंदिर पाडण्याशिवाय काय करणार? हा दाखलाही खरा आहे, पण तो त्या दिवशीचा नाही! तो १९ मार्च १९५५ चा, म्हणजे दीड वर्षानंतरचा, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेतला, जिथे विषय होता मालमत्ता आणि भरपाई. डॉ. अनुप सिंग यांनी मधेच आठवण करून दिली की मागच्या वेळी तुम्ही घटना जाळायचं म्हणाला होतात, तेव्हा बाबासाहेब म्हणाले की त्या वेळी घाईत कारण सांगायचं राहिलं, आता सांगतो, आणि मग देव-असुरांचं बोलले. दोन्ही भाषणं एकाच दमात जोडून फिरवली की वाचणाऱ्याला वाटतं ५३ सालीच त्यांनी हा खुलासा केला होता. तसं नाहीये. नंतर दिलेलं कारण नंतरचं म्हणूनच सांगायला पाहिजे. ५३ चा राग हा अल्पसंख्याकांच्या हक्कांवरून होता, तो मंदिराच्या दाखल्याखाली झाकून टाकला तर त्यांचं मूळ म्हणणंच पुसलं जातं.

काही जण २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण पुढे करतात, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरेल, ते. ते भाषण जरूर वाचावं, ५५ च्या बोलण्याशी त्याचं नातं सरळ दिसतं. पण त्याने ५३ चं वाक्य खोडलं जात नाही. माणूस १९४९ मध्ये सावध होता, १९५३ पर्यंत कायदामंत्रीपद सोडलेलं, लोकसभेला हरलेला, बाहेर काय चाललंय ते बघून चिडलेला. हा राग त्यांचा स्वतःचा आहे, तो लपवून त्यांना गुळगुळीत करण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

महाराष्ट्र सरकारने छापलेल्या इंग्रजी भाषण-लेखन मालिकेच्या पंधराव्या खंडात ही संसदेतली भाषणं आहेत, मधे बोलणाऱ्या सदस्यांच्या वाक्यांसकट. त्या वाक्यांमुळेच कळतं कोण डिवचतंय आणि उत्तर कशाला आहे. ५५ च्या त्या मंदिराच्या दाखल्यावर एक सदस्य म्हणाले, मग मंदिर कशाला, सैतानाचाच नाश करा ना. बाबासाहेबांचं उत्तर होतं की ते तुम्हाला जमणार नाही, आपल्यात तेवढी ताकद नाही. हे उत्तर ना विरोधकांच्या पोस्टमध्ये असतं ना आपल्या.